पाऊण सेकंद

हर्णैला वीज परत आली की
चोगल्यांच्या शीतखोलीचा भोंगा ठणाणा करतो.
पडद्यावर पंच्याऐंशी अंश.
आत सुरमई बर्फात, गार, डोळे टक्क उघडे.

तीन रात्री मी वायरी बदलल्या, डाग पुन्हा दिले,
खाऱ्या हवेला शिव्या घातल्या.
चूक माझीच, तिसऱ्या ओळीत:
सेन्सर धड जागा व्हायच्या आत
मी त्याला ताप विचारत होते,
आणि तो झोपेतच
कारखान्यात पढवलेला आकडा बरळायचा.

लिहिलं: थांब पाऊण सेकंद. मग विचार.

खटका पाडला. चढवला.
जेटीला लागलेली लाट मागे सरेपर्यंत
भोंगा गप्प.
उणे चार.

सुगंधा चोगले उपड्या टोपलीवरून उठली:
"एवढ्याशा थांबण्याचे किती घेतेस गो?"