दाराआडच्या तारखा

दाराच्या मागे, विळा टांगतो तिथे,
कोळशाने लिहिलेल्या तारखा आहेत.
एकोणीस जानेवारी. दोन फेब्रुवारी.
एका वर्षी अकरा, आणि तिच्याखाली
काळूरामने रागाने ओढलेली रेघ.
मका कधी टोकला एवढंच लिहितो आम्ही.
किती झाला ते लिहीत नाही.

बावीस गुंठे, सरळगावच्या अलीकडे, ओढ्याला लागून.
ओढ्याचं पाणी पाडव्यापर्यंत कसंबसं,
मग नुसते दगड.
लवकर टोकावा तर थंडी,
दाणा मातीत गप्प पडून राहतो
आणि ते गप्प राहणं उंदरांना बरोबर ऐकू येतं.
उशिरा टोकावा तर तुरा एप्रिलात,
दुपारची झळ पराग भाजून काढते,
सोललेल्या कणसात दाणे
बोळक्या तोंडासारखे, इथे एक, तिथे एक.
मधे सात-आठ दिवसांची फट.
तेवढ्यातून आत शिरायचं,
मांजर शिरतं तसं, अंग चोरून.

निलमचा फोन येतो ठाण्याहून.
वागळे इस्टेटमधल्या तिच्या ऑफिसात
बारा महिने एसी चोवीसवर.
"आई, गुरुवारी पाऊस दाखवतंय, तीस टक्के."
तीस टक्के म्हणजे किती गं?
बावीस गुंठ्यांतले साडेसहा?
की दहा बायांतल्या तिघी भिजणार?
ती हसते. मग म्हणते, "तसंच काहीतरी."

शेजारी पदू घुडेची वीटभट्टी.
तीन वर्षं झाली, त्याला माझी वरची माती हवी आहे.
"वहिनी, माती विका, आभाळाकडे बघणं सुटेल."
पण मी बघते ना त्याला,
कच्च्या विटा थापून झाल्या की
तोही उभा असतो, माळशेजकडे मान वर करून.

बुधवारी पहाटे सरीत अनवाणी उभी राहिले.
काटेसावरीची दोन फुलं धप्पकन पडली मागे.
तळपाय बधिर झाले नाहीत.
मूठभर माती दाबली, लाडू झाला,
खांद्याच्या उंचीवरून सोडला.
फुटला.
वाफसा होता.
डब्यात दीड किलो बियाणं, औषधाने गुलाबी.
अर्धं टोकलं. अर्ध्यावर झाकण लावलं.
काळूराम म्हणाला, "अर्ध्यावर कुणाचं लगीन लागतं का?"
म्हटलं, आपलं नाही का लागलं,
तिसऱ्या मंगलाष्टकाला मांडव उडाला तरी.

गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही.
शनिवारी रात्री, निलमच्या मोबाईलवर शून्य टक्के असताना,
पत्र्यावर वाजायला लागलं.
वीसेक मिनिटं.
भट्टीकडे आरडाओरडा, विटांवर प्लास्टिक ओढत होते.
मी गेले. एक टोक धरलं.
अंधारात पदू काही बोलला नाही,
मातीबद्दलही नाही.

मंगळवारपर्यंत उन्हाने वर पापुद्रा धरला,
शिळ्या भाकरीसारखा.
आत काय चाललंय कळेना.
निलमने हौसेने आणलेल्या सेटमधला
जेवायचा काटा घेतला, उकिडवी बसले,
एकेक खपली उचलत गेले.
सतराव्या ठिकाणी तो होता.
पिवळा, वाकलेला, ढेकळाला डोकं टेकून,
ढकलून ढकलून दमलेला.
ढेकूळ काढलं.
तो लगेच सरळ झाला नाही.
मीही नाही, कंबर धरली होती.

दाराआड लिहिलंय: एकोणतीस जानेवारी, अर्धा.
खाली जागा सोडली आहे.
डबा फळीवर.
रोज सकाळी झाकण काढून बघते, परत लावते.
कुंपणापलीकडून पदू विचारतो, "आज?"
"उद्या बघू."
तो मान हलवतो.
त्याच्या विटाही अजून ओल्या आहेत.