ऑफिस टाइम

खरं नाव काय, मला माहीत नाही.
कुणी चिनी गुलाब म्हणतं,
आमच्या बोळात ऑफिस टाइम.
दहाला उघडतं, ऊन कललं की मिटतं.
बोळातून ऑफिसला जाणारं तसं कुणीच नाही.

नागमणी अक्कानं काड्या दिल्या तेव्हा
भिजवलेल्या विडीच्या पानात गुंडाळून दिल्या,
वर विडीचाच लाल दोरा.
"चार बोटं लांबीची खोच आणि विसरून जा."
विसरणं मला जमेना.

पहिल्या काड्या मी मायेनं मारल्या.
हिप्परग्याकडची काळी माती, रोज तांब्याभर पाणी.
आठव्या दिवशी बुडखे काळे, हाताला चिकट,
शिळ्या भेंडीसारखे.
अक्का हसली नाही. कुंडी उपडी केली,
बोटानं माती चिवडली:
"ही सगळं धरून ठेवते गं.
सोडणारी पाहिजे."

मग मुरूम, बांधकामावरची चाळलेली वाळू,
फुटक्या कौलाचा चुरा,
शेणखत चिमूटभर, जास्त झालं की नुसता पाला माजतो.
रंगाचा रिकामा डबा, बुडाला खिळ्यानं सात भोकं.
आणि जागा पत्र्यावर,
जिथं एप्रिलमधे पापड तासात वाळतो.
नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो.
तेवढ्यात भागणारं
घरात हे पहिलंच.

उन्हाळाभर पसरलं,
काठावरून उतरलं, पत्र्याच्या खाचांतून सरपटलं,
पानं गव्हल्याएवढी, पाण्यानं टम्म.
राणी, लिंबू, केशरी,
आणि एक पांढरं, मधे कुंकवाचं बोट पुसल्यासारखं.
माझा बाप सूत रंगवायचा.
त्याच्या नखांत महिना महिना जो राहायचा
तो रंग इथं चार तास राहतो.

यादगिरी रात्रपाळीला.
आठला घरी येतो, कानात माग घेऊन.
दहाला झोपलेला. उठतो तेव्हा सगळं मिटलेलं.
तीन वर्षं त्याला वाटायचं
बायको वर गवत पाळते.
एकदा सकाळीच लाइट गेली, पंखा थांबला,
घामाघूम वर आला, लुंगी सावरत.
बराच वेळ काही बोलला नाही.
टॉवेलाची कड तपासतो तशी
एका पाकळीची कड चिमटीत धरली.
"बॉर्डर चांगली पडलीय," म्हणाला,
आणि खाली जाऊन पुन्हा झोपला.

अक्का मुलाकडे गेली, भिवंडीला.
तिथल्या पावसानं तिचा डबा कुजला.
परवा फोन: "चार काड्या पाठव की गं."
"ऊन येतं का तिथं?"
"येतं की. दोनच्या पुढं.
समोरच्या बिल्डिंगच्या काचेवरनं."
ते ऊन नव्हे, अक्का,
असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

आज शेंडे खुडले.
चार मागितल्या, अकरा घेतल्या;
खुडलं की खाली दोन फुटतात, माझं काही जात नाही.
एका काडीला कळी होती. काढायला पाहिजे,
मूळ धरेपर्यंत कळी ठेवू नये,
हेही तिनंच शिकवलेलं.
ठेवली.

पान भिजवलं. लाल दोरा सापडेना,
टॉवेलाचा धागा गुंडाळला.
चादरींचा टेम्पो पहाटे निघतो.
ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मागं गठ्ठ्यात टाकू?"
म्हटलं, पुढं ठेव, काचेपाशी.
वाटेत कुठंतरी दहा वाजतील.