बादली भरेपर्यंत

मेडिकल चौकातल्या लांजेवार डॉक्टरांनी
चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही.
लिहिलं : टाचा वर, टाचा खाली. वीस वेळा. रोज.
'रोज'खाली दोन रेघा.
मी चिठ्ठी फ्रिजवर लावली, संत्र्याच्या चुंबकाखाली,
आणि तेच गुडघे घेऊन पुढच्या कामाला लागले.

'रोज' या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे.
घरात पुरावे आहेत :
नऊ जानेवारीला संपलेल्या चार डायऱ्या,
माळ्यावर गुंडाळून टाकलेली योगाची चटई
(तिच्यात मुंग्या मात्र नियमित येतात),
आणि रेवतीने पुण्याहून फोनमध्ये टाकून दिलेलं ते ॲप,
जे तिसऱ्याच दिवशी म्हणालं, तुमची साखळी तुटली,
तर माझा हात गळ्याकडे गेला.

एप्रिल आला. त्रेचाळीस, मग चव्वेचाळीस.
आमच्या मानेवाड्यात नळ येतो साडेपाचला,
कूलर पितो सहा बादल्या,
एका बादलीला लागतात साडेतीन मिनिटं.
तेवढा वेळ मी नुसती उभी असते, हात कंपाउंडच्या भिंतीवर.
एका पहाटे काही न ठरवता
टाचा उचलल्या

आणि पलीकडची गल्ली दिसली.

भिंत माझ्याहून बोटभर उंच.
अठरा वर्षं मी तिच्या अलीकडेच राहिले होते.
वर : एक माणूस ऑटोची काच पुसतोय.
खाली : विटा.
वर : आता आरसा.
खाली : विटा, त्यांच्यावर वाळून काळं पडलेलं शेवाळ.
वर : ज्या मीटरने कधी कुणाला भाडं सांगितलं नाही
तोसुद्धा पुसतोय, फडक्याचं टोक ओलं करून.
असं तुकड्या-तुकड्यांनी
त्याचं काम व्हायचं आणि माझे वीस.
खरं सांगते, गुडघ्यांसाठी नाही,
आज तो पुढे काय पुसतो
ते बघायला मी उठायचे.

मे महिन्यात एकदा जिना उतरताना
कठडा धरायचा राहिला.
खाली आल्यावर लक्षात आलं. कुणाला सांगितलं नाही.

मग जूनच्या शेवटी कूलर बंद झाला.
गवत उपसलं, टाकी कोरडी केली, वर जुनी चादर.
बादलीच नाही तर नळापाशी कशाला उभं राहायचं?
मला वाटलं होतं सवय माझ्यात मुरली.
ती तर बादलीत होती.
अकरा दिवस.
बाराव्याला स्वतःला काय म्हणायचं ते तयारच होतं,
चार डायऱ्यांनी पाठ करून घेतलेलं :
बघ, झालंच ना शेवटी.

थैली घेऊन भाजीला निघाले तर फाटकाशी ऑटो.
मागे लिहिलेलं : तितरमारे.
तोच. जवळून बराच म्हातारा.
"ताई, तब्येत बरी हाय ना?"
मी म्हटलं, हो, काऊन?
"दहाक दिवस झाले, डोकं दिसून नाही राहिलं भितीवर.
पोरीले म्हटलं, ताई गावाले गेल्या का बाप्पा.
मी तं तुमचंच पाहून चालतो न.
वीस झाले का फडकं ठेवतो, स्टेशनले निघतो.
आता पुसत राहिलो तं पुसतच राहतो,
पह्यली गाडी निंगून जाते."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला
कूलर नव्हता तरी बादली लावली.
पाणी कढीपत्त्याला. सहा बादल्या तो पिणार नाही,
एक पुरे.
आठव्याला डावा गुडघा कुरकुरला.
नवव्याला वर आले तर तो फडकं हातात धरून
इकडेच बघत होता.
खाली गेले तेवढ्यात आवाज आला :
"मागचे अकरा दिवस बाकी हायेत!"
मी विटांपाशी हसले, एकटीच.

दहा.
वर आले तेव्हा
तो आरशाकडे वळला होता.