सातवा रकाना

पणजीच्या दफ्तरखान्यात पंखा हळू ठेवतात,
पानं उडू नयेत म्हणून.
उडण्याजोगा कागद राहिलाय कुठे.
शाईनंच त्याला आतून खाल्लंय,
कारकुनानं जिथे दाबून लिहिलं
तिथे तिथे भोक.

मी शोधतेय खापरपणजोबांना.
जायबा. गाव गवंडाळी. घर कालव्याच्या काठी.
आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे :
जायबा पोर्तेइरु होते. सरकारी द्वारपाल.
राजवाड्याच्या दारात उभे राहायचे,
पितळी बटणांचा कोट घालून.
कोट निळा होता, काका सांगतात.
एकदा हिरवा म्हणाले होते.

सेल्साबाई भिंग सरकवतात.
वय अंदाजे चाळीस.
वाचता येतं : नाही. लिहिता येतं : नाही.
सातवा रकाना, धंदा :
पोर्तेइरु.

मी वही मिटायला घेते, तर त्या म्हणतात, थांब.
पुढे अजून काहीतरी आहे, बारीक,
ओळीत न मावलेलं, समासात वळवलेलं,
पंगतीला उशिरा आलेल्याला टोकाशी बसवतात तसं.
"द आग्वा."
पाण्याचा.

म्हणजे मानस.
कालव्याच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं,
दिवसा, आणि मध्यरात्रीही.
पलीकडे खारं पाणी,
अलीकडे गुडघाभर कोरगुटाचं भात,
आणि मध्ये हा, काष्टी नेसलेला,
मगरीला आधी हाक देऊन
मग पाण्यात पाय घालणारा.

खानेसुमारीवाल्याकडे मानस हा शब्द नसणार.
त्यानं विचारलं असेल, काय करतोस?
दार लावतो.
कोणाचं?
जायबानं नुसता हात केला असेल कालव्याकडे.

दहा वर्षांनंतरचं पान.
जायबा नाहीत.
गुणाय, विधवा, वय अंदाजे.
नुसतंच अंदाजे. पुढे आकडा नाही.
सातव्या रकान्यात आधी लिहिलंय पोर्तेइरा,
शेवटचा आ ठसठशीत,
टाक नुकताच बुडवलेला असावा.
मग त्यावर आडवी रेघ,
आणि वर, सावकाश अक्षरात : घरकाम.

आमच्याकडे गुणायबद्दल एकच गोष्ट सांगतात.
तिला म्हणे रात्री झोप लागत नसे.

परतताना बाणस्तारीला उतरले.
चालत गवंडाळीच्या बांधापर्यंत गेले.
मानशीला आता लोखंडी झडप आहे, गंजून अर्ध्यावर अडकलेली.
भाताच्या जागी खारफुटी, माणसाएवढी.
भरती चढत होती. चाक धरून पाहिलं,
तसूभर हललं नाही.

घरी काकांनी विचारलं, कोटाचं काही मिळालं?
नव्हताच कोट, म्हटलं. आणि सगळं सांगितलं,
समासातला शब्द, रेघ, सगळं.
ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.
मग म्हणाले,
पौषाच्या थंडीत, रात्रीचे,
काय घालून उतरत असतील गं ती दोघं पाण्यात?