शेरा

मीटरचा फोटो काढायचा असतो मला,
आकडा स्पष्ट दिसेल असा.
पण मीटर असतो भिंतीवर,
मग भिंतही येते. न बोलावता,
चारी बाजूंनी,
लग्नाच्या फोटोत शेजारी घुसतात तशी.

रात्री जेवण झालं की दिवसाचे फोटो चाळतो.
बायको म्हणते, बसला का परत पोपडे बघत?
आकडा अंगठ्यानं झाकतो
आणि उरलेलं वाचतो.

शुक्रवार पेठ:
पहिल्या मजल्यावर एक निळं दार.
खाली जिना नाही.
पायऱ्यांचे दात तेवढे राहिलेत भिंतीत, तिरपे, नऊ.
दाराला कुलूप आहे, बाहेरून.
कोण लावून गेलं असेल,
आणि मग उतरलं कसं?

उद्यमनगर, भट्टीमागची काळी भिंत.
तिच्यावर चुन्यानं:
'बोअर मारून मिळेल. आकाराम.'
पुढं फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे पोपडा घेऊन गेला.
एका रविवारी बसलो, शून्य शून्यपासून.
सतराला गडहिंग्लजचा दवाखाना लागला,
चाळीसला एक पोरगी. तिनं शिव्या घातल्या,
सावकाश, एकही न गाळता.
त्रेसष्टला बाई म्हणाली, "त्यांनी सोडलं आता ते.
तुमच्यात पाणी किती फुटावर हाय?"
म्हटलं, आमच्यात नळ आहे.
"मग फोन कशाला केलासा?"
काय सांगणार. ठेवला.

तालमीच्या मागं
निळा पट्टा, निळ्यावर पिवळा,
पिवळ्यावर खिळ्यानं ओढलेलं: ३-२.
कुणाचे तीन, तेवढं खरवडून टाकलंय.

गंगावेशीतला एक फोटो हललाय.
त्यात काहीच नाही.
तरी पुसवत नाही.

आणि कुंभार गल्ली. हौसाबाई निगवेकर.
दारात अर्ध्या हातांचे गणपती वाळत ठेवलेले,
मीटरच्या उजव्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा:
रणजित पाच वर्षं. रणजित सात. रणजित दहावी.
डाव्या अंगाला गाळाच्या,
कुणी न ओढता उठलेल्या:
पाच सालचा पूर, एकोणीसचा, एकवीसचा.
पाच साली पाणी पोराच्या डोक्यावरून हातभर वर होतं.
एकोणीसपर्यंत पोरगं वाढलं.
पाणी पण.

मी विचारलं, रंग नाही दिला?
"देतो की. घाई काय हाय?
पोरगं चाकणला असतंय. गणपतीला येतंय.
आलं की उभा करतो हितं भिंतीला,
बघतो, कोण थांबलंय
आणि कोण अजून वाढालंय."
असं म्हणून त्यांनी ओल्या हातानं
सातव्या वर्षाच्या रेघेवरची कोळिष्टकं काढली.
गाळाच्या रेघांना हात लावला नाही.

मीटर एकोणीस सालीच बुडालेला.
काचेआड माती, आकडा ०४१८,
तेव्हापासून एवढंच पाणी प्यालंय हे घर, कागदावर.
फोटो काढला. काच चमकली, आकडा दिसेना.
दोन्हीकडच्या रेघा मात्र लख्ख.

शेऱ्याच्या रकान्यात लिहायला तीनच गोष्टी असतात:
चालू. बंद. घर कुलूपबंद.
मी लिहिलं,
मीटर बंद, भिंत चालू.

आज सकाळी साहेबांनी बोलावून घेतलं.
"चौगले, हे म्हणजे काय?"
मी मान खाली घालून उभा.
त्यांच्या कपाटामागून ओल वर चढलीय,
बसलेल्या उंटाएवढी झालीय,
आता पुढचे पाय उचलतेय.
साहेबांची तिच्याकडं पाठ आहे.