दाराखाली एक इंच

बेसा रोडवरच्या घराला अजून प्लास्टर लागायचं होतं,
तेव्हाच यांनी विषय काढला : हवेचं काय करायचं?
हवेचं काय करायचं असतं, मी म्हटलं,
येते, जाते, आपलं ऐकते थोडीच.

पण मे महिन्यात ती येत नाही, चाल करून येते.
सकाळी आठला खिडक्या लावायच्या,
रात्री दहाला भीतभीत एक झडप उघडायची.
मधले चौदा तास घर
आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा हुंगत बसतं,
कालच्या सावजी रश्श्यासकट.

आधी आला सेंट्रलवाला. निनावे. शर्ट इन केलेला.
गच्चीवर एक मशीन, हेडाऊ साहेब, छतातून नळ्या,
एकच फुप्फुस, सगळ्या खोल्यांना सारखी हवा.
यांना पटलं. एका जागी बटण असलेली
कुठलीही गोष्ट यांना पटते.
छत नऊ इंच खाली येईल, हे तो जाता जाता म्हणाला,
सुपारी फुटल्यावर सांगतात तसं,
की मुलाला थोडं कमी ऐकू येतं.

नळ्या साफ कोण करणार, मी विचारलं.
माणूस येतो ना मॅडम.
चाळीस उन्हाळे कूलरच्या पंपासाठी
त्या माणसाची वाट पाहिलेल्या बाईला
हे सांगू नये.
आणखी एक होतं, ते मी बोलले नाही :
वासाला जी नळी चालते ती आवाजालाही चालते.
फोनवर मी ताईजवळ काय काय बोलते
ते यांच्या खोलीत वरून पडलं असतं,
हलकेच, गाळून.

मग स्कूटीवरून रुचिरा खोब्रागडे आली,
तोंडाला दुपट्टा, हातात पुठ्ठ्याचा गोल.
ताटलीएवढं भोक, ज्या त्या खोलीला आपलं आपलं,
आत पंखा, पंख्यामागे भाजक्या मातीची जाळी.
सत्तर सेकंद आतली हवा बाहेर जाते,
जाता जाता आपला गारवा मातीत ठेवून.
मग पंखा उलटा फिरतो,
आणि बाहेरची झळ त्याच मातीतून
निवत निवत आत येते.
माठाचीच अक्कल आहे म्हणा ना काकू.
पोरगी मला तिथेच आवडली.

"पण एकट्यानं नाही चालत हे.
जोडीनंच लावा लागते. इकडचा घेते
तेव्हा तिकडचा सोडते.
एक कुठं लावू, अन् दुसरा कुठं?"

आम्ही दोघं नकाशाकडे पाहत राहिलो.
दोन बेडरूम. एकीवर पेन्सिलीनं 'ते', एकीवर 'मी'.
घोरण्यामुळे, आर्किटेक्टला सांगितलं होतं.
क्रिकेटमुळे, मुलीला.
एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं.

रुचिरानं विचारलं नाही. दोन गोल काढले,
एक माझ्या भिंतीवर, एक यांच्या,
आणि मधल्या दारावर पेन टेकवून म्हणाली,
"दाराखाली एक इंच फट लागन बरं.
हवेला इकडून तिकडं जायला जागा पाहिजे."

दोन दिवस हे डायरीत वॅट आणि युनिट मांडत होते.
सेंट्रल स्वस्त पडतं, हे सिद्ध झालं. दोनदा.
तिसऱ्या दिवशी डोमाजी सुतार दारं बसवायला आला,
तर हे गुडघा धरून फरशीवर बसले,
फूटपट्टी उभी लावली.
"एक इंच सोड." मग थांबून, "सव्वा सोड."
"पाल येईन साहेब."
"येऊ दे."

आता नवतपा सुरू आहे.
रात्री जाग आली की मी मोजत पडते.
यांचा पंखा घेतो, माझा सोडतो,
आणि साधारण साठीच्या आसपास
फटीखालून बामचा वास येतो.
म्हणजे गुडघा. म्हणजे जागे आहेत.
पंखे उलटतात.
मी अंगाला काय लावून झोपते
हे यांना ठाऊक असेल का, माहीत नाही.
काल मोजताना चाळीसलाच डोळा लागला.