अधिक-उणे

गौरव अंकासाठी चार ओळी द्या म्हणालात.
मी काय लिहिणार, साहेब?
मी गौस मोमीन, हायड्रॉलिक्स लॅबचा अटेंडंट.
सव्वीस वर्षं पंपाचं बटण दाबलं,
हजेरीपट सोडून कुठं सही केली नाही.

तुमच्या यादीत सगळं आहेच:
लेक्चरर, रीडर, विभागप्रमुख, प्राचार्य,
मग कुठल्या कुठल्या समित्या, मग विधान परिषद,
मग विज्ञान खात्याचे मंत्री.
त्या यादीत ज्वारी नाही.

लातूरला नळ महिन्याकाठी यायचा, ते वर्ष.
आमचा काचेचा पाट, बारा मीटर लांब,
कोरडा ठाक, तळाला एक मेलेली पाल.
आणि प्रॅक्टिकल तोंडावर.
भातांगळे सरांनी मोंढ्यातून अर्धं पोतं ज्वारी आणली,
स्कूटरवर, दोन पायांत धरून.
मला वरच्या टोकाला उभं केलं.
"ओत, गौस. सावकाश."

दाणे सरसरत खाली गेले. पोरं हसायली.
सर हसले नाहीत. फळ्यावर लिहिलं,
हे पाणी नाही.
खाली दोन रेघा मारल्या.
"जे नाही ते आधी नाही म्हणून लिहा.
मग पुढचं गणित."

नोंदवहीतला शेवटचा रकाना त्यांचा लाडका:
अधिक-उणे.
गेजवर किती दिसलं ते सगळेच लिहितात,
बघण्यात किती चुकलं असेल, ते इथं.
हा कोरा दिसला की अख्खं जर्नल परत.
आमदाराच्या पुतण्याचं चारदा परत गेलं.
(त्याच पुतण्यानं पुढं सरांच्या सत्काराला
क्रेनला टांगून हार आणला,
पण ते राहू द्या.)

शपथ झाली त्या दिवशी लॅबमध्ये पेढे वाटले.
पहिलं वर्षभर फोन यायचा अधूनमधून,
"पंपाला ग्रीस दिलंस का रे?"
मग पी.ए. उचलायला लागला.
मग मीच लावायचं सोडलं.

तिसऱ्या वर्षी ढगांत मीठ फवारणारं विमान आलं.
टीव्हीवर सर, मागं आठ माणसं.
म्हणाले, "पावसात सत्तावीस पूर्णांक त्रेचाळीस टक्के वाढ."
मी घास हातात धरून थांबलो.
पुढं काही येईल म्हणून.
टाळ्या आल्या.
बायको म्हणाली, जेवा की, काय झालं?
म्हणलं, सरांनी रकाना कोरा सोडला.

मंत्रिपद गेलं, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत
ऑटोनं आले. एकटेच. दुपारच्या सुट्टीत.
ज्वारीच्या वर्षाची वही मागितली,
एकेका ओळीवरून बोट फिरवत बसले.
मला राहवलं नाही.
"सर, तो आकडा?"

बराच वेळ पानच बघायले.
"फाईल आली तेव्हा पाच रकाने होते, गौस.
सहावा वाढवा म्हणून मी शेरा मारला.
परत आली तेव्हा पाचच.
शेऱ्याचं पानच नव्हतं त्यात."
चष्मा काढला, परत घातला.
"आणि मी सही केली."

मी काही बोललो नाही. चहा पण विचारला नाही,
त्याचं अजून वाईट वाटतं.

मग म्हणाले, पाणी सोड.
आता पाणी असतंय. बटण दाबलं.
पाट भरत आला तसे ते वाकले,
एक डोळा मिटून गेजला लागले.
हुक पाण्याला टेकेना, बोटं थरथरायलीत.
"चौदा पूर्णांक दोन," म्हणाले. "लिही. अधिक-उणे..."
आणि थांबले.
"हाताचं किती धरायचं रे?"

चार ओळींच्या वर गेलं, माफ करा.
छापायचं तर ज्वारीचं तेवढं छापा.
परवाच पाटाचं रबर बदललं,
सांध्यात एक दाणा निघाला,
काळा पडलेला, फुगलेला.
टाकला नाही. खिडकीत ठेवलाय.